माझ्याच कुकरवर दुसऱ्याचं वेल्डिंग

२०२३ च्या मे महिन्यात कुपवाड एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये हळद शिजवायचे पाच कुकर ताडपत्रीखाली उभे होते. हंगाम संपला होता. आमच्या सांगली भागात जानेवारीपासून हळदीची काढणी धरते आणि मार्च-एप्रिलपर्यंत शिजवणं, वाळवणं, पॉलिश सगळं उरकतं. त्यानंतर पुढच्या जानेवारीपर्यंत कुकरची चौकशी करायला कोणी येत नाही. म्हणजे पाच कुकरचं लोखंड, मजुरी आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवरचं व्याज आठ महिने तसंच अंगावर राहणार होतं. सकाळी शटर वर केलं की पहिली नजर त्या ताडपत्रीवर जायची आणि दिवस तिथंच जड व्हायचा.

हळदीचा कुकर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी हळद कायलीत पाणी घालून शिजवायचे. खाली जाळ, वर हळदीचा पाला आणि पोती. आता ट्रॅक्टरमागे ओढत नेता येईल असा कुकर शेतातच येतो. चाकांच्या सांगाड्यावर भट्टी, तिच्यावर बॉयलर आणि शेजारी ड्रम. ड्रममध्ये ओली हळद भरायची, पाइपातून वाफ सोडायची, शिजली की ड्रम कलता करून ओतायची. बहुतेक शेतकरी स्वतःचा कुकर घेत नाहीत. गावातला एखादा घेतो आणि हंगामभर क्विंटलमागे दर ठरवून रानोरान फिरून शिजवून देतो. पैसे मोजतो तो कुकरवाला, हळद असते शेतकऱ्याची, आणि ड्रम भरतात रोजगाराच्या बायका. आपलं गिऱ्हाईक यांतलं नेमकं कोण, हा प्रश्न चौदा वर्षं धंदा करूनही मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

जुनं मॉडेल आमचं चार ड्रमचं होतं आणि ते बरं चालायचं. पण आजूबाजूला तसेच कुकर बनवणारे वाढले, म्हणून मी नवीन काढायचं ठरवलं. दोन वर्षं त्यावर घालवली. चारऐवजी दोनच ड्रम, पण प्रत्येक दुपटीहून मोठा. बॉयलरच्या नळ्यांची रचना बदलली, त्यामुळे एका घाण्यामागे पाच-सहा मिनिटं वाचायची आणि लाकूडही कमी लागायचं. तापमानाचा काटा लावला. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं, ‘हळद शिजवा झटपट’. २०२२ च्या डिसेंबरात एका कृषी प्रदर्शनात कुकर मांडला. चार दिवस गर्दी हटली नाही. लोक ड्रमवर थाप मारून बघायचे, काट्याचा फोटो काढायचे, “लई भारी काम केलंय” म्हणायचे. वहीत साठ-पासष्ट जणांनी नाव आणि फोन नंबर लिहिले. त्या वहीच्या भरवशावर मी सात कुकरचं लोखंड उचललं. विकले गेले दोन.

पहिला संशय किमतीवर गेला. फेब्रुवारीत किंमत उतरवली, तरी फोन वाजला नाही. मग मी जे म्हणू लागलो ते आज लिहिताना जड जातं. मी मिस्त्रींना म्हणायचो, “आपल्या लोकांना चांगल्या वस्तूची किंमत कळत नाही.” शेडमध्ये बसून असं बोलायला काही लागत नाही. समोर विरोध करायला कोणी नसतं, आणि पगार माझ्याकडून घेणारा माणूस मान हलवणारच.

मिरज रस्त्याला आमच्या ओळखीचे एक शेती अवजारांचे विक्रेते आहेत. त्यांना विचारलं, “गिऱ्हाईक काय म्हणतंय?” ते म्हणाले, लाल रंग द्या, टायर मोठे टाका आणि तीन महिने उधारी द्या. मी लाल रंग दिला. पुढे कळलं की यातली उधारी त्यांना स्वतःला हवी होती, आणि रंगाचं म्हणणं त्यांच्या दुकानापुढे कुकर उठून दिसावा एवढ्यापुरतं होतं. त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं गिऱ्हाईक शेतकरी, माझं गिऱ्हाईक ते. त्यांनी त्यांची गरज सांगितली आणि मी ती शेतकऱ्याची म्हणून ऐकली.

जूनमध्ये पुतण्या सुट्टीला आला. तो इंजिनिअरिंग करून पुढे व्यवस्थापन शिकतोय. तो म्हणाला, “काका, अंदाज कशाला बांधता? विचारू या.” त्यानं वीस प्रश्नांची प्रश्नावली केली आणि आम्ही मोटारसायकलवरून कसबे डिग्रज, तुंग, दुधगाव, समडोळी असं नदीकाठानं फिरलो. चाळीस जणांकडून फॉर्म भरून आणले. कमी लाकडात शिजणारा कुकर हवा का? हो. लवकर शिजणारा हवा का? हो. तापमान कळलेलं बरं का? हो. थोडे पैसे जास्त द्याल का? त्यालाही तिघा-चौघांचा अपवाद सोडला तर हो. सगळे कागद टेबलावर पसरल्यावर आम्ही दोघं गप्प झालो. कागदावर चाळीस होकार होते आणि बाहेर ताडपत्रीखाली पाच कुकर.

त्या चाळीस घरांत आम्हाला चहा मिळाला होता. दारात आलेल्या माणसाला, तोही कागद-पेन घेऊन आलेला, चहा पाजून त्याच्या तोंडावर ‘तुमची वस्तू नको’ म्हणणं आपल्या माणसांना जमत नाही. ‘बघू की’, ‘चांगलंय’, ‘पुढच्या हंगामाला घेऊ’ ही आपल्याकडची नकाराची रूपं आहेत. मी याच भागात वाढलो, लग्नाच्या बैठकीत ‘कळवतो’ म्हणजे काय ते मला पक्कं कळतं, पण धंद्यात तोच शब्द मी होकार म्हणून वहीत लिहून घेतला. शिवाय प्रश्नच असे होते की कोणी नाही म्हणावं कशाला? लाकूड कमी लागलेलं कुणाला नकोय?

पुतण्यानं तेव्हा मला दोन गोष्टी सांगितल्या. १९८५ साली अमेरिकेत कोका-कोलानं जवळपास दोन लाख लोकांना नवी चव चाखायला दिली. घोटाघोटाच्या त्या चाचणीत नवी चव सरस ठरली. एप्रिलमध्ये जुनी बंद करून नवी बाजारात आणली, तर लोक असे बिथरले की ७९ दिवसांत जुनी परत आणायची वेळ आली. दुसरी गोष्ट आपल्याकडची. १९९४ मध्ये केलॉग्जचे कॉर्नफ्लेक्स भारतात आले. ते गार दुधात कुरकुरीत खायचे. आपल्या घरांत सकाळी दूध तापवून गरम घ्यायची पद्धत. गरम दुधात त्यांचा लगदा व्हायचा. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, हे ऐकून मला धीर आला असं नाही. उलट भीती वाटली. त्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती, तरी विचारून कळलं नाही. मग मला कसं कळणार?

“स्वयंपाकघरात जाऊन उभं राहिल्याशिवाय दूध गरम का गार ते दिसत नाही, काका,” तो म्हणाला. माझं स्वयंपाकघर म्हणजे शेत, आणि तिथं चूल पेटणार होती थेट जानेवारीत.

दरम्यान एक काम हाताशी होतं. आमचे जुने चार ड्रमचे कुकर हंगामानंतर गावागावांत पडून असतात. मी ते बघायला निघालो. विकायचं काही नव्हतं, फक्त बघायचं होतं. पहिलाच कुकर दुधगावच्या बाजूला एका गोठ्याशेजारी उभा होता. सहा वर्षांपूर्वी आम्हीच बनवलेला. मी जवळ गेलो आणि थबकलो. चेसिसच्या उजव्या अंगाला एक आडवी पट्टी जोडली होती आणि तिच्यावर जुन्या ट्रॉलीच्या फाळक्याची फळी बसवली होती. आमच्या मिस्त्रींचं वेल्डिंग मला हातानं चाचपून ओळखू येतं, एकसारख्या खवल्यांचं. त्याच्या शेजारी हे दुसऱ्याचं, घाईत केलेलं, गुठळ्या आलेलं. मागच्या बाजूला दोनशे लिटरचं प्लॅस्टिकचं बॅरल काथ्यानं आवळून बांधलं होतं. झाकणाच्या कडीला मोटारसायकलच्या ट्यूबचे वेढे दिले होते. गोठ्यातला पोरगा म्हणाला, “पप्पांनी करून घेतलंय, पहिल्याच वर्षी.”

पहिल्याच वर्षी, म्हणजे सहा वर्षं हे कुकर माझ्या नावाची पाटी घेऊन हिंडत होते आणि त्यांच्यावर गावातल्या वेल्डरनं माझी चूक दुरुस्त केलेली होती. पुढच्या तीन आठवड्यांत मी असे अकरा कुकर बघितले. नऊंवर फळी किंवा पायरी होती. सातांवर जादा पाण्याचं बॅरल. चारांचा आस कापून अरुंद केलेला. एकाही कुकरवर कोणी तापमानाचा काटा लावून घेतला नव्हता. लाकूड वाचावं म्हणूनही कोणी काही केलं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी दोन वर्षं नळ्या वाकवत बसलो, तिच्यासाठी कुणी गावातल्या वेल्डरला शंभर रुपये दिले नव्हते, आणि ज्यासाठी पदरचे पैसे घातले ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. का सांगितलं नाही, असं एका कुकरवाल्या अण्णांना विचारलं. ते सरळ म्हणाले, “त्यात काय सांगायचं? कुकर घेतला की फळी लावायचीच असती.” त्यांच्या लेखी ती तक्रारच नव्हती. इतकी अंगवळणी पडली होती की प्रश्नावलीत तिला रकाना मिळणं शक्य नव्हतं.

त्याच अण्णांना मी गळ घातली, “हंगामात मला सोबत येऊ द्या. मी मध्ये पडणार नाही, एका बाजूला बसतो.” त्यांना नवल वाटलं, पण या म्हणाले.

२०२४ च्या जानेवारीअखेर ते फेब्रुवारी मी सात रात्री त्यांच्या कुकरबरोबर काढल्या. त्यातली दुसरी रात्र मला जशीच्या तशी आठवते. संध्याकाळी सात वाजता कुकर रानात पोचला. पोचला म्हणजे कसा, तर शेवटची अर्धी वाट पाणंद होती, दोन्ही बाजूंना ऊस, आणि ट्रॅक्टर घालताना कुकरचं चाक चारीच्या काठावरून बोटभर अंतरानं गेलं. अण्णा उतरून पुढे चालत होते, हातातली बॅटरी चाकावर धरून. आस कापून का घेतला ते मला तिथं न विचारता कळलं. माझ्या नव्या मॉडेलचा आस यापेक्षा आठ इंच रुंद होता. तो कुकर या रानात आलाच नसता.

मग भट्टी पेटली. त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज लाइट रात्रपाळीची होती, दहानंतर येणारी. विहिरीत पाणी होतं, मोटर होती, पण लाइट नाही. दोन माणसं बॅरलनं पाणी आणत होती. साडेआठला वाफ धरली, दोन घाणे निघाले आणि बॉयलरचं पाणी उतरलं. सगळे थांबले. सहा बायका हळदीच्या ढिगाशेजारी शेकोटी करून बसल्या. सव्वादहाला लाइट आली, पाइप लावला, पुन्हा सुरू. मी वहीत वेळा टिपत होतो. सकाळी पाचपर्यंतचे दहा तास. त्यातली वाफ प्रत्यक्ष ड्रममध्ये चालू होती तीन तास पन्नास मिनिटं. पाण्यासाठी खोळंबा एक तास पंचावन्न मिनिटं. वाफ बंद ठेवून भरणं आणि उपसणं अडीच तास. बाकी वाफ धरेपर्यंतचा वेळ, जेवण, चहा. माझ्या नळ्यांनी वाचवला असता तो त्या तीन तास पन्नास मिनिटांतला जेमतेम अर्धा तास. रात्र जात होती ती दुसरीकडेच.

आणि माझे दोन मोठे ड्रम? चार लहान ड्रम असले की दोन शिजत असताना दोन भरता येतात, वाफ थोडीफार चालू ठेवता येते. दोनच असले की एक उपसताना निम्मा कुकर बसून राहणार. कागदावर क्षमता तेवढीच, रानात कमी.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते भरणं. त्या रात्री साठेक क्विंटल ओली हळद शिजली. एका बुट्टीत वीस किलो धरले तर तीनशे बुट्ट्या. सहा बायकांत वाटल्या तर एकेकीला पन्नास वेळा. ड्रमची कड चार फुटांवर, म्हणजे त्यांच्या खांद्याइतकी. बुट्टी कमरेवर घ्यायची, मग छातीवर, मग एक झटका देऊन कडेवर टेकवायची आणि ओतायची. ती फळी याच्यासाठी होती. पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी फळीवर चढून बाकीच्यांच्या बुट्ट्या वरच्या वर घेत होत्या. मी माझ्या नव्या ड्रमची उंची आठवली. पाच फूट दोन इंच. मी तो ड्रम मोठा केला तेव्हा पत्र्याचा हिशेब केला, वाफेचा केला. त्या कडेपर्यंत बुट्टी कोण नेणार, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. जी बाई ती बुट्टी उचलते ती कुकर विकत घेत नाही, प्रदर्शनाला येत नाही, तिला प्रश्नावली कोणी देत नाही. पण कुकरवाल्याला ती टोळी टिकवायची असते. हंगामात बायका मिळणं हीच खरी अडचण. उंच ड्रम बघून बायका दुसऱ्या कुकरवर जातील हे त्याला माझ्या स्टॉलवर उभं राहिल्याबरोबर कळलं असणार. तरी तो “लई भारी” म्हणाला आणि निघून गेला.

तापमानाच्या काट्याचं काय झालं तेही त्या रात्री बघितलं. रात्री रानात बल्ब एकच, तोही ढिगावर. धुरानं बॉयलरची सगळी बाजू काळी. शिजली की नाही हे अण्णा तीन गोष्टींनी ठरवत होते. झाकणाच्या कडेनं येणाऱ्या वाफेचा वास बदलतो. मग ते एक हळकुंड काढून काडी टोचतात, ती लोण्यात गेल्यासारखी जायला हवी. आणि शेवटी मोडून आतला रंग बघायचा. शेतकरीही शेजारीच उभा होता, प्रत्येक ड्रमला. त्याला मी विचारलं, “मागच्या वर्षी हळद शिजवताना काही बिघडलं होतं का?” (हा प्रश्न मी तोवर शिकलो होतो. ‘काय हवं’ असं न विचारता ‘मागच्या वेळी काय झालं’ असं विचारायचं, म्हणजे माणूस कल्पना करत नाही, आठवतो.) तो लगेच बोलायला लागला. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कुकरवाल्यानं पुढचा नंबर गाठायच्या घाईत हळद कच्ची उतरवली. ती एकसारखी वाळली नाही, पॉलिशला घातली तर मोडली. सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला व्यापाऱ्यानं हळकुंड मोडून बघितलं आणि दर पाडला. वर्षाचं पीक आणि शेवटच्या अर्ध्या तासानं घालवलं.

हे ऐकताना मला माझं पत्रक आठवलं, ‘हळद शिजवा झटपट’. ज्या शेतकऱ्यानं घाईमुळे नुकसान सोसलंय त्याला तो शब्द कसा वाटला असेल? झटपट म्हणजे कच्ची. मी ज्याला गुण म्हणून मोठ्या अक्षरांत छापलं, तीच त्याची भीती होती. कुकरवाल्यानं तो कुकर दारात उभा केला असता तर शेतकऱ्यानं विचारलंच असतं, हा लवकर उतरवणारा कुकर का? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव देशभर आहे. त्या नावाचा भाव यार्डात हळकुंड मोडताना ठरतो, आणि व्यापाऱ्याच्या त्या दोन बोटांची धास्ती थेट रानातल्या ड्रमपर्यंत पोचलेली असते. फक्त माझ्या शेडपर्यंत पोचली नव्हती.

पलूसच्या बाजूला कामाला जाताना किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आमच्या भागात वर्कशॉप टाकणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. बेळगावात असताना त्यांनी लोखंडी नांगर बनवला, पण शेतकऱ्यांना वाटायचं लोखंडानं जमीन विषारी होईल. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गोष्ट मी आयुष्यभर एकाच बाजूनं सांगत आलो. उद्योजक शहाणा, शेतकरी अडाणी, चिकाटी सोडू नका. त्या फेब्रुवारीत पहाटे घरी परतताना तिची दुसरी बाजू मला दिसली. ज्या माणसाकडे एकच जमीन आहे, ती बिघडली तर पुढे काही नाही, त्यानं तिच्यात नवी वस्तू घालायला दोन वर्षं विचार केला तर त्यात अडाणीपणा कसला? त्याची चूक विषाबद्दलची होती. त्याची काळजी चुकीची नव्हती. आणि काळजी कशाची आहे हे कळल्याशिवाय नांगर कितीही चांगला असला तरी त्याच्या रानात जात नाही.

सातव्या रात्री मी टेप घेऊन गेलो. मावशींना म्हटलं, “तुमच्या खांद्याची उंची मोजायची आहे.” त्या आधी हसल्या, मग लाजल्या, मग म्हणाल्या, “कशापायी?” मी सांगितलं, ड्रमची कड किती उंच ठेवायची ते ठरवायचंय. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून ताठ उभ्या राहिल्या आणि बाकीच्यांना हाक मारली, “या गं, माप द्या.” अकरा हंगाम त्या हळदीचे ड्रम भरतायत, त्यातले बरेच माझे. त्यांना हे विचारायला कोणी आलं नव्हतं.

ताडपत्रीखालच्या पाचपैकी तीन कुकर आम्ही उन्हाळ्यात कापले. ड्रम काढून टाकले, चार लहान बसवले, कड साडेतीन फुटांवर आणली, त्यासाठी भट्टी आणि चेसिस दोन्ही खाली घ्यावं लागलं आणि तेच सगळ्यात कटकटीचं काम होतं. आस अरुंद केला. पाण्याची जादा टाकी चेसिसमध्येच बसवली, दोन घाणे जास्त निघतील एवढी. तापमानाचा काटा काढला. पत्रकावरचा ‘झटपट’ काढून लिहिलं, ‘लाइट नसली तरी काम थांबत नाही’.

एका बाबतीत मात्र मी ऐकलं नाही. दोन-तीन कुकरवाले म्हणाले, तो सेफ्टी व्हॉल्व काढा, वाफ वाया जाते. जुन्या कुकरांपैकी एकावर मी तो तारेनं बांधून टाकलेला बघितला होता. शेजारी माणसं, बायका, कधी पोरंसुद्धा असतात. मी सांगितलं, व्हॉल्व निघणार नाही, आणि कोणी बांधून ठेवलेला दिसला तर त्या कुकरची सर्व्हिस मी करणार नाही. दोन ऑर्डरी त्यावरून गेल्या. गिऱ्हाईक समजून घेणं म्हणजे ते म्हणेल ते करणं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पहिला बदललेला कुकर अण्णांनीच घेतला. मी पहिल्या रात्री गेलो. पायरी आम्ही दोन्ही अंगांना चांगली रुंद दिली होती. बायकांनी तासाभरात एका बाजूची वापरायची बंद केली. जवळ जाऊन हात लावला तर ती भट्टीच्या अंगाला होती, तापत होती. दुसऱ्या बाजूच्या पायरीवर पोतं टाकलेलं, कारण ओल्या हळदीचा चिखल पायाला लागला की गुळगुळीत पत्र्यावर पाय घसरायचा. माप घेतलं होतं, पण पाय अनवाणी असतात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खवल्यांचा चेकर्ड पत्रा घेऊन आलो, भट्टीकडची पायरी तोडून मागच्या अंगाला नेली आणि तिथंच रानात वेल्डिंग केलं.

मावशी शेजारी बसून बघत होत्या. काम झाल्यावर त्या पायरीवर चढल्या, दोनदा पाय दाबून बघितला. मग ड्रमच्या झाकणाकडे बोट करून म्हणाल्या, “दादा, आता ह्याची कडी. फडकं धरूनबी चटका बसतोय. लाकडाची मूठ बसंल का?”

मी वही काढली. त्यांनी मूठ आवळून दाखवली, मी तिच्याभोवती टेप फिरवला.